डोळ्यांची इंग्रजी, कानांची इंग्रजी

चीनच्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकण्याची परीक्षा दाखल झाली ती विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्यापूर्वीच्या पिढ्यांना ज्यांच्या पाठ्यपुस्तकाने इंग्रजी शिकवली, ते प्राध्यापक शू ग्वोजांग मात्र हा बदल पाहण्यास उरले नव्हते. त्यांच्या आयुष्याचा हा मागोवा.

जून महिन्याची आठ तारीख. दुपारचे तीन वाजण्याच्या सुमारास चीनमधील असंख्य शहरांत परीक्षाकेंद्रांच्या आसपासचे रस्ते एकाएकी शांत होतात. बांधकामांवरची यंत्रे थांबवली जातात, मोटारींना भोंगे वाजवण्याची मनाई असते आणि फाटकाबाहेर उभे असलेले आईवडीलही हलक्या आवाजात बोलू लागतात. आत वर्गावर्गांतून ध्वनिक्षेपकातून इंग्रजी संवाद ऐकू येत असतात. वीस प्रश्न, साधारण वीस मिनिटे आणि एकूण दीडशे गुणांपैकी तीस गुण. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवले जातात. पुढचे मोठे संवाद आणि निवेदने दोनदा. एखादा शब्द निसटला तर तो परत मागता येत नाही. गाओकाओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवेशपरीक्षेला २०२४ साली एक कोटी चौतीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. त्यांच्या भवितव्याचा काही हिस्सा या वीस मिनिटांच्या शांततेवर अवलंबून असतो.

आजच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट स्वाभाविक वाटते. पण त्यांच्या आईवडिलांच्या पिढीने हीच परीक्षा इंग्रजीचा एकही शब्द न ऐकता दिली होती. त्या पिढीची इंग्रजी डोळ्यांनी शिकलेली होती. वाचता येई, व्याकरण सोडवता येई, पण समोरच्याने दोन वाक्ये उच्चारली की कान बधिर होत. चिनी लोकांनीच या विद्येला मुकी इंग्रजी असे नाव दिले आणि तिचे खापर अनेकदा पाठ्यपुस्तकांवर फोडले. पाठ्यपुस्तक म्हटले की पहिले नाव येई ते शू ग्वोजांग यांचे. त्यांच्या पुस्तकाचे अधिकृत नाव नुसतेच इंग्रजी असे होते. लोक मात्र त्याला शू ग्वोजांग इंग्रजी म्हणत. लेखकाचे नाव विषयालाच चिकटावे, असे भाग्य फार थोड्या शिक्षकांच्या वाट्याला येते. परंतु या भाग्याबरोबर एक आरोपही त्यांच्या नावाला चिकटला. तो कितपत खरा आहे, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावाचून कळत नाही.

शू ग्वोजांग यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९१५ रोजी झेजियांग प्रांतातील हायनिंग येथे झाला. चिएनतांग नदीच्या मुखाजवळचे हे गाव भरतीच्या लाटेसाठी प्रसिद्ध आहे. शरद ऋतूत समुद्राचे पाणी भिंतीसारखे नदीत उलटे शिरते आणि ते दिसण्याआधी त्याची गाज ऐकू येते. विद्येचीही या गावाला मोठी परंपरा. प्रकांड पंडित वांग ग्वोवेई आणि आधुनिक चिनी कवितेचे अग्रणी शू चिमो हे दोघेही हायनिंगचेच. ग्वोजांग यांचे शालेय शिक्षण सूचौ येथील मिशनरी परंपरेच्या शाळेत झाले. १९३४ साली ते शांघायच्या च्याओतुंग विद्यापीठात दाखल झाले. परंतु दोन वर्षांतच त्यांनी वाट बदलली आणि १९३६ साली पेकिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात प्रवेश घेतला. भाषा आणि साहित्य हेच आपले क्षेत्र, हा निर्णय एकविसाव्या वर्षाच्या आतच झाला होता.

हा निर्णय घेऊन वर्षही पुरते लोटले नव्हते तोच जुलै १९३७ मध्ये जपानने आक्रमण केले आणि पेकिंग पडले. पेकिंग, त्सिंगहुआ आणि नानकाय ही तीन विद्यापीठे आधी दक्षिणेकडे छांग्शा येथे एकत्र आली आणि मग आणखी दूर, युन्नान प्रांतातील कुनमिंग येथे गेली. काही विद्यार्थी समुद्रमार्गे गेले, तर जवळपास तीनशे जणांच्या एका तुकडीने हजार मैलांची वाट बहुतांशी पायी तुडवली. नैऋत्य संयुक्त विद्यापीठ या नावाने उभ्या राहिलेल्या या संस्थेत ना पुरेशी छपरे होती ना पुस्तके. पुढे तेथे पत्र्याच्या छपरांचे वर्ग बांधले गेले, तेव्हा मुसळधार पावसात शिक्षकांचा आवाज ऐकू येत नसे आणि तास थांबवावा लागे.

या निर्वासित विद्यापीठात शू ग्वोजांग यांना लाभलेले शिक्षक मात्र असामान्य होते. इंग्रज कवी आणि समीक्षक विल्यम एम्पसन त्या काळात तेथे शिकवत होते. ग्रंथालय मागे राहिलेले, हाताशी ग्रंथ नाहीत, अशा स्थितीत एम्पसन कविता आणि शेक्सपिअरची नाटके आठवणीतून टंकलिखित करून वर्गात आणत. १९३८ साली युरोपातून परतलेले छिएन चुंगशू हे तरुण विद्वानही वर्षभर तेथे शिकवत होते. कागदाचा आधार न घेता उत्तम इंग्रजीत विषय उलगडत नेण्याची त्यांची हातोटी विद्यार्थ्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. शू यांनी पुढे या गुरूंविषयी कृतज्ञतेने लिहिले. वांग त्सोल्यांग, ली फुनिंग आणि चौ च्युएल्यांग हे त्यांचे सहाध्यायी. चीनमधील इंग्रजीच्या अध्यापनाची धुरा पुढे अर्धशतकभर याच मंडळींनी वाहिली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या माणसाच्या नावावर पुढे मुक्या इंग्रजीचे बालंट आले, त्याचे स्वतःचे शिक्षण पुस्तकांच्या दुष्काळात, शिक्षकाच्या तोंडून ऐकून झाले होते. इंग्रजी भाषा कानांनी कशी आत शिरते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९३९ साली पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे निरनिराळ्या विद्यापीठांत अध्यापन केले. १९४७ च्या अखेरीस ते ब्रिटनला गेले. लंडन आणि ऑक्सफर्ड येथे त्यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकातील इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. तेथे राहून विद्वत्तेची कारकीर्द करणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु ऑक्टोबर १९४९ मध्ये, जनता प्रजासत्ताकाची घोषणा झाली त्याच महिन्यात, ते मायदेशी परतले आणि पेकिंगच्या परकीय भाषा विद्यालयात शिकवू लागले. हेच विद्यालय पुढे परकीय भाषा संस्था आणि आज बीजिंग परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. मृत्यूपर्यंत त्यांनी ही संस्था सोडली नाही.

परतलेल्या प्राध्यापकाला मिळालेला काळ मात्र इंग्रजीचा नव्हता. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी सोव्हिएत संघाशी मैत्रीचे पर्व सुरू झाले आणि रशियन ही देशाची पहिली परकीय भाषा बनली. शाळांमधून इंग्रजी मागे पडली, अनेक विद्यापीठांतील इंग्रजीचे विभाग आक्रसले. इंग्रजी मातृभाषा असलेली माणसे देशात बोटांवर मोजण्याइतकी उरली. शू यांच्या संस्थेत डेव्हिड क्रूक आणि इझाबेल क्रूक हे दाम्पत्य शिकवत असे. इझाबेल या शू यांच्याच वयाच्या, १९१५ साली छंगतू येथे मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या. पण असा जिवंत आवाज राजधानीतल्या मोजक्या विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येई. प्रांतांतील, तालुक्यांतील विद्यार्थ्याला इंग्रजी ऐकवणार कोण, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

साठीच्या दशकाच्या आरंभी वारे फिरले. सोव्हिएत संघाशी संबंध बिघडले आणि जगाशी बोलायचे तर इंग्रजी हवी, हे राज्यकर्त्यांना उमगले. विद्यापीठांतील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रमाणित पाठ्यपुस्तकांची मालिका तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. तिचे पहिले चार भाग शू ग्वोजांग यांच्या संपादनाखाली, पाचवा आणि सहावा पेकिंग विद्यापीठाच्या प्राध्यापिका यू तायिन यांच्याकडे, तर अखेरचे दोन शू यानमोऊ यांच्याकडे होते.

शू यांच्या चार भागांची रचना काटेकोर होती. आरंभी ध्वनी आणि अक्षरे, मग लहान लहान वाक्ये, पुढे पाठ, शब्दांवरील टिपा, व्याकरणाचा एकेक नियम आणि त्यावर भरपूर सराव. आधीच्या पाठात न आलेले काही पुढच्या पाठात गृहीत धरलेले नसे. परिणामी ज्याच्याजवळ उत्तम शिक्षक नाही, किंबहुना शिक्षकच नाही, अशा माणसालाही हे पुस्तक घेऊन एकट्याने पुढे जाता येत असे. पुस्तकाची खरी शक्ती हीच होती आणि पुढे जो दोष म्हणून दाखवला गेला, त्याचे मूळही येथेच होते. एकट्याने शिकणारा विद्यार्थी वाचू शकतो, लिहू शकतो. त्याला ऐकवायला आणि त्याचे ऐकायला दुसरे माणूस लागते. ते माणूस पुस्तकात बांधून देता येत नाही.

पुस्तक विद्यापीठांत रुळते न रुळते तोच १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीचा वणवा पेटला. प्रवेशपरीक्षा रद्द झाली, वर्ग बंद पडले. परकीय भाषा शिकवणारा प्रत्येक जण संशयित ठरला. मालिकेतील सहकारी प्राध्यापिका यू तायिन यांच्या घरावर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रेड गार्ड चालून गेले. छळ आणि अवहेलना सोसल्यावर त्यांनी आपले जीवन संपवले. डेव्हिड क्रूक यांना १९६७ साली हेरगिरीच्या आरोपाखाली पकडण्यात आले आणि त्यांना १९७३ पर्यंत तुरुंगात राहावे लागले. शू ग्वोजांग हेही या झळीतून सुटले नाहीत. ज्या पुस्तकासाठी त्यांची निवड झाली होती, तेच पुस्तक आता त्यांच्याविरुद्धचा पुरावा बनले.

मुक्या इंग्रजीची चर्चा करताना या दशकातील एक तपशील सहसा विसरला जातो. परदेशी रेडिओ केंद्रे ऐकणे हा तेव्हा गुन्हा होता. शत्रूचे आकाशवाणी केंद्र चोरून ऐकल्याबद्दल माणसांना शिक्षा होत असत. म्हणजे इंग्रजी वाचणे संशयास्पद होते, पण इंग्रजी ऐकणे धोक्याचे होते. ज्या देशात एका पिढीचे कान भीतीने बंद करण्यात आले, त्या देशातील विद्यार्थ्यांना इंग्रजी ऐकू का येत नाही, याचे उत्तर केवळ पाठ्यपुस्तकात शोधणे हा त्या पिढीवरही अन्याय आहे.

माओ त्से तुंग यांच्या मृत्यूनंतर, १९७७ च्या हिवाळ्यात, प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली. शेतांवरून, कारखान्यांतून, खाणींतून सत्तावन्न लाख उमेदवार परीक्षेला बसले. प्रवेश मिळाला तो सुमारे दोन लाख सत्तर हजारांना. अकरा वर्षे साचलेली विद्येची भूक एकदम बाहेर पडली. या लाटेत शू ग्वोजांग यांचे पुस्तक नव्याने छापले गेले आणि पाहता पाहता घराघरांत पोहोचले. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक आता कारकून, कामगार, अभियंते, डॉक्टर असे सारेच वाचू लागले. त्याच्या लाखो प्रती खपल्या. साठीच्या दशकात संकट ठरलेले नाव आता देशभर आदराने घेतले जाऊ लागले.

परीक्षेतही इंग्रजीचे वजन पायरीपायरीने वाढवण्यात आले. १९७८ साली परकीय भाषेची परीक्षा घेतली गेली, पण तिचे गुण सर्वसाधारण उमेदवारांच्या बेरजेत धरले गेले नाहीत. १९८० साली तीस टक्के, पुढच्या वर्षी पन्नास, त्यानंतर सत्तर आणि १९८३ पासून पूर्ण गुण धरले जाऊ लागले. ही सावधगिरी समजण्यासारखी होती. इंग्रजीचा शिक्षकच नसलेल्या गावातील मुलाला एकदम शंभर टक्क्यांच्या तराजूत घालणे अन्यायाचे ठरले असते.

पण गुण वाढले तरी परीक्षेचे स्वरूप कागदीच राहिले. उच्चारांची परीक्षाही कागदावरच होई. शब्दांतील एखादे अक्षर अधोरेखित करून, त्याचा उच्चार ज्याच्याशी जुळतो असा पर्याय निवडायचा असे. तोंडातून इंग्रजीचा एकही ध्वनी न काढलेला आणि कानांनी एकही वाक्य न ऐकलेला विद्यार्थी नियम पाठ करून उच्चारांचे सर्व गुण मिळवू शकत असे. आणि जे परीक्षेत येत नाही ते वर्गात शिकवले जात नाही, हा न्याय तर सर्व देशांना सारखाच लागू आहे. शिक्षक प्रश्नपत्रिकेकडे पाहून शिकवत, विद्यार्थी प्रश्नपत्रिकेकडे पाहून शिकत. शू यांच्या पुस्तकातील ध्वनींचे पाठ उरकले जात आणि व्याकरणाचा सराव मात्र रात्र रात्र चाले. पुस्तकातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे लेखक नव्हे तर परीक्षा ठरवत होती.

वर्गाबाहेर मात्र कान उघडू लागले होते. बीजिंगच्या आकाशवाणीवरून शू यांचे सहकारी प्राध्यापक चेन लिन यांचे इंग्रजीचे पाठ प्रसारित होऊ लागले. १९८२ साली बीबीसीने तयार केलेली फॉलो मी ही मालिका चिनी दूरचित्रवाणीवर आली आणि तिने कोट्यवधी प्रेक्षकांना वेड लावले. काही वर्षांपूर्वी ज्यासाठी शिक्षा होत असे, ते परदेशी केंद्र आता विद्यार्थी वसतिगृहात उघडपणे लावून बसू लागले. परीक्षेच्या क्षेत्रातही विचार सुरू झाला होता. ग्वांगचौ येथील भाषाशास्त्रज्ञ क्वेई शिछुन यांच्या पुढाकाराने १९८५ पासून ग्वांगतुंग प्रांतात प्रमाणित इंग्रजी परीक्षेचा प्रयोग सुरू झाला आणि १९८९ साली तो देशभर स्वीकारला गेला. विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी १९८७ साली सुरू झालेल्या इंग्रजी परीक्षेत तर ऐकण्याचा भाग पहिल्यापासून होता. पण महाविद्यालयाच्या दारावरच्या परीक्षेत तो यायचा होता.

या सगळ्या काळात शू ग्वोजांग काय करत होते? लोकप्रियतेवर विसंबून पुस्तकाच्या आवृत्त्या काढत बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही. साठी उलटल्यावर ते भाषाशास्त्र आणि भाषेचे तत्त्वज्ञान या अवघड प्रांतात शिरले. सोस्यूर, ऑस्टिन, चॉम्स्की यांच्या विचारांची ओळख त्यांनी चिनी वाचकांना करून दिली. परकीय भाषांच्या अध्यापनाला वाहिलेल्या आपल्या संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन केले, संशोधकांची नवी पिढी घडवली. त्याच वेळी चिनी परंपरेतील शब्दशास्त्राच्या प्राचीन ग्रंथांकडे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या पहिल्या पद्धतशीर चिनी व्याकरणाकडेही ते नव्या दृष्टीने वळले. परकीय विद्या आणून येथे मांडणे पुरेसे नाही, तिच्या प्रकाशात आपले घरही पाहिले पाहिजे, ही त्यांची धारणा त्यांच्या निबंधांतून दिसते. या लेखांचा संग्रह १९९१ साली प्रसिद्ध झाला. पुस्तकी व्याकरणकार म्हणून ज्यांची प्रतिमा झाली होती, त्यांची खरी झेप किती मोठी होती, हे या संग्रहाने दाखवून दिले.

जुन्या पाठ्यपुस्तकाच्या मर्यादाही त्यांच्या नजरेतून सुटल्या नव्हत्या. तीस वर्षांपूर्वीचे पाठ बदललेल्या देशाला अपुरे पडणार, हे ओळखून नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी पुस्तकाची नवी आवृत्ती सिद्ध केली. आपल्याच गाजलेल्या पुस्तकाला हात घालून ते नव्याने लिहिण्याची तयारी असणारे लेखक विरळाच.

११ सप्टेंबर १९९४ रोजी बीजिंग येथे त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी देशभर शिक्षकदिन साजरा झाला होता. चारच महिन्यांनी त्यांचे सहाध्यायी आणि आयुष्यभराचे सहकारी वांग त्सोल्यांग हेही गेले. कुनमिंगच्या त्या निर्वासित विद्यापीठात इंग्रजी शिकलेल्या पिढीचे पर्व संपत आले.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९९९ साली, ग्वांगतुंगमध्ये प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ऐकण्याचा भाग आला आणि पुढील काही वर्षांत एकेक प्रांत त्या वाटेने गेला. कागदावरच्या उच्चारांच्या प्रश्नांची जागा प्रत्यक्ष आवाजाने घेतली. वर्गांतून टेपरेकॉर्डर आले, शिक्षकांना स्वतःचे उच्चार तपासून पाहावे लागले. जी गोष्ट दशकानुदशके उपदेशाने साधली नव्हती, ती तीस गुणांनी साधली. मात्र न्यायाचा जुना प्रश्न येथेही उभा राहिला. शहरातील मुलाला परदेशी आवाज लहानपणापासून ऐकायला मिळतो. डोंगराळ खेड्यातील मुलाच्या शाळेत यंत्र नाही, असले तर वीज नाही. त्यामुळेच सर्व प्रांतांवर एकाच वेळी सक्ती झाली नाही. श्रवणदोष असलेल्या उमेदवारांना या भागातून सूट देण्याची तरतूदही करण्यात आली. पुढे ग्वांगतुंगने २०११ पासून आणि बीजिंगने २०२१ च्या परीक्षेपासून ऐकण्याबरोबर बोलण्याचीही परीक्षा संगणकावर घ्यायला सुरुवात केली. बीजिंगमध्ये तर दीडशेपैकी पन्नास गुण त्यासाठी राखून ठेवण्यात आले.

मग मुक्या इंग्रजीचा दोष कोणाचा? शू ग्वोजांग यांच्या पुस्तकाने वाचणारे विद्यार्थी घडवले, हे खरे. पण ज्या काळात ऐकायला आवाज नव्हता, ऐकण्याची परवानगी नव्हती आणि ऐकण्याला गुणही नव्हते, त्या काळात त्यांनी निदान वाचण्याचे दार उघडे ठेवले. त्या दारातूनच पुढची पिढी बाहेर पडली. परदेशांत शिकायला गेलेले तरुण आणि पुढे ऐकण्याची परीक्षा आखणारे कित्येक शिक्षकही अशा पुस्तकांवरच वाढले होते. पाठ्यपुस्तक देशाला इंग्रजीपर्यंत नेऊ शकते. तो देश ती भाषा डोळ्यांनी शिकणार की कानांनी, हे अखेर त्याचे राज्यकर्ते आणि परीक्षक ठरवतात.

आज जूनमधल्या त्या दुपारी कान टवकारून बसलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांनी शू ग्वोजांग हे नाव ऐकले असेल. त्यांच्या आजीआजोबांच्या कपाटात मात्र त्या पुस्तकाचा एखादा भाग अजून सापडतो. पाने पिवळी पडलेली, समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले आणि शब्दांच्या डोक्यावर, कधीच न ऐकलेल्या उच्चारांच्या खुणा जपून काढलेल्या.